भाऊजींची सायकल समुद्रावर

समुद्राच्या काठाकाठाने सायकलवर जायची कल्पना आधी कोणाच्या डोक्यात आली, यावर आम्हा तिघांचं अजूनही एकमत नाही. मास्तरांचा मुलगा म्हणतो त्याच्या. सायकल-दुकानवाल्याचा मुलगा म्हणतो त्याच्या. मी दोघांनाही हो म्हणतो, कारण माझ्या डोक्यात ती नक्कीच आली नव्हती. माझ्याकडे तेव्हा सायकलच नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही तिघं भंडाऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मास्तरांचा मुलगा मोहाडीचा, त्याचे वडील प्राथमिक शाळेत शिकवायचे. दुकानवाल्याचा मुलगाही मोहाडीचाच. बाजाराच्या रस्त्यावर त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि सुट्टीत तोही तिथे पंक्चर काढायला बसायचा. माझं गाव तिथून अडीच कोसांवर, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. कॉलेजात नेमकं काय करतात हे घरी नीट सांगता येत नव्हतं, म्हणून माय शेजारणींना एवढंच सांगायची, "भंडाऱ्याले वाचून राहिला." मीही ते तेवढ्यावरच ठेवत असे.

कॉलेजच्या एका खोलीत भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. आमचा जिल्हा उजव्या टोकाला, आणि डाव्या टोकाला नुसती निळी पट्टी. मास्तरांचा मुलगा त्या पट्टीवर बोट फिरवून गावं वाचायचा. रेवदंडा, मुरुड, दिघी, श्रीवर्धन. आमच्याकडे पाण्याचा तोटा नव्हता. गावोगावी तलाव, आणि वैनगंगा तर पुरात अशी पसरायची की पलीकडची झाडं बोटाएवढी दिसायची. पण दिसायची. दुसरा काठ नसलेलं पाणी आम्हा तिघांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

"गाडीनं मुंबई, सायकली ब्रेकव्हानमध्ये," मास्तरांचा मुलगा म्हणाला. "मंग लाँचनं रेवस. तिथून काठाकाठानं."

"तिथं पंक्चर झालं तं?" मी विचारलं.

"मी कायले येऊन राहिलो मंग? समुद्र पाहाले?" दुकानवाल्याचा मुलगा म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. हलका धान कापून झालेला असतो आणि भारी धान अजून उभा असतो, त्या मधल्या पंधरा दिवसांत. तेवढ्यात परत आलो तर बाबांना कापणीला माझे हात मिळणार होते. राहता राहिली सायकल.

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न मागच्याच उन्हाळ्यात झालं होतं. तिला तुमसरला दिली होती. भाऊजी तिथल्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. घरी ते दोघं आणि भाऊजींची माय, एवढीच माणसं. लग्नात जावयाला सायकल द्यायची हे त्या वेळी ठरलेलंच असे. बाबांनी ती भंडाऱ्याच्या दुकानातून आणली होती. आणली म्हणजे चालवत नव्हे. बैलबंडीत तणीस अंथरून, तिच्यावर सायकल आडवी ठेवून, वर घोंगडं टाकून बाबा दिवसभर बैलांसोबत चालत आले होते. जावयाच्या सायकलच्या चाकाला आपल्याकडची माती लागू नये म्हणून.

नव्या सायकलच्या नळ्यांना कारखान्यातूनच कागद गुंडाळून येई. आमच्याकडे तो कोणी काढत नसे. तो फाटेस्तोवर सायकल नवी. बहिणीच्या सासूबाईंनी तर त्या कागदावरून लाल-हिरव्या प्लास्टिकची पट्टी गुंडाळून घेतली होती, हँडलपासून मागच्या फाट्यांपर्यंत, कुठे बोटभर लोखंड दिसणार नाही अशी. सीटला मखमलीचं कव्हर, त्याला झालर. भाऊजी मिलमध्ये पायीच जात. सायकल फक्त बाजाराला आणि सोयऱ्यांकडे. दसऱ्याला तिची पूजाही झाली होती.

भाऊबीजेनंतर बहिणीला न्यायला भाऊजी तीच सायकल घेऊन आले. जेवताना मायनेच विषय काढला, की याचे दोस्त समुद्र पाहायला चालले आणि हा तोंड पाडून बसला आहे.

"काहून जी, साळेबुवा?" भाऊजी म्हणाले. "सायकल नाही म्हणून? हे घेऊन जा. आम्ही यष्टीनं जातो."

"नोको भाऊजी. नवी हाये."

"नवी हाये म्हणून तं समुद्रापर्यंत जाईन. मायले मी सांगतो."

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. भाऊजी मोकळ्या मनाचे होते, पण ती सायकल कोणाच्या मनात कुठे उभी आहे हे बाबांना जास्त माहीत असावं. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. माझं हे नेहमीचंच. त्या दिवशी ते हो ठरलं.

निघताना बहीण मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बाबू, जशी नेऊन राहिला तशी आणजो. आमच्या घरी दिवसातून दोनदा पुसतेत तिले. माया तोंडाकडं पाह्यत नाही तेवढं सायकलकडं पाह्यतेत."

ती हसत बोलली, पण माझा दंड तिने चांगलाच घट्ट धरला होता.

तुमसर रोड स्टेशनवर आम्ही सायकली ब्रेकव्हानमध्ये चढवल्या. मुंबईपर्यंतच्या प्रवासातलं मला काही आठवत नाही; प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मी उतरून मागच्या डब्याकडे पळत होतो, एवढंच आठवतं. हमाल हसायचे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली आणि सायकली टपावर बांधलेल्या दिसत राहिल्या, तेव्हा कुठे मी पाण्याकडे पाहिलं. मास्तरांचा मुलगा गप्प बसला होता. तो गप्प बसलेला मी प्रथमच पाहिला.

"काय गा?" मी विचारलं.

"काही नाही. पलीकडं पाहून राहिलो," तो म्हणाला. "काहीच नाही तिथं."

पुढचे तीन दिवस मला आजही सलग आठवतात, एखादा धडा पाठ असावा तसे. लाल मातीचा अरुंद रस्ता, दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, मधेच चढ, चढावर उतरून ढकलत जायचं आणि माथ्यावर आलं की एकदम खाली समुद्र. दर वेळी आम्ही थांबायचो. दर वेळी दुकानवाल्याचा मुलगा म्हणायचा, "हाये अजून तिथंच." रस्त्याच्या कडेला कापलेल्या धानाच्या उडव्या दिसल्या तेव्हा आम्हाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण ते लोक त्याला भात म्हणत. शिजवण्याआधीच भात कसा, यावर आमचा एक अख्खा चढ गेला. बांध्या आमच्यापेक्षा लहान, पायरीपायरीने उतरत समुद्राकडे गेलेल्या. मी एकदा उतरून लोंबी हातात घेऊन पाहिली. दाणा जाड होता. बाबांना सांगायचं म्हणून मी दोन-तीन दाणे खिशात टाकले.

खाडी आली की सायकलीसकट तरीच्या होडीत बसायचं. वैनगंगेवर आम्ही डोंग्यात बसलेले, त्यामुळे त्याची भीती नव्हती. तरीवाल्याने विचारलं, "कुठून आलात?"

"भंडारा."

"म्हणजे नागपूरकडे?"

"नागपूरच्याही पुढं."

तो वल्हं मारायचा थांबला. "मग तुमच्याकडे समुद्र कुठला?"

"आमच्याकडं नाही समुद्र," मास्तरांचा मुलगा म्हणाला. हे त्याने असं सांगितलं, की जणू घरातली एखादी उणीव कबूल करतो आहे.

"अरेरे," तरीवाला म्हणाला, आणि त्याने पैसे घेतले नाहीत.

रात्री देवळात किंवा शाळेच्या ओसरीत झोपायचो. घरून आणलेले तांदूळ आणि डाळ होती. दुकानवाल्याचा मुलगा रोज सकाळी तिन्ही सायकलींचे नट तपासायचा. भाऊजींच्या सायकलला हात लावताना म्हणायचा, "ही नवरी. हिचा पदर पडता कामा नये." मी मुक्कामाला पोचलो की आधी ओल्या फडक्याने पट्टीवरची धूळ पुसायचो. त्यांनी माझं नाव 'नवरीचा भाऊ' ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी, मुरुडच्या अलीकडे, एक लांबच लांब किनारा लागला. माणूस नाही. वरची कोरडी वाळू इतकी मऊ की चाकं रुतायची, पण खाली, पाण्याच्या बाजूला ओली वाळू सिमेंटसारखी टणक होती. आम्ही सायकली तिथे नेल्या आणि पाण्याच्या कडेने पाऊण-एक तास नुसते चालवत राहिलो, हात सोडून, ओरडत, एकमेकांचा रस्ता कापत. मला वाटतं मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडलो नसेन. ऐकायला कोणी नव्हतं, आणि घरचं कोणी ऐकेल अशी शक्यता नव्हती.

पाणी मागे सरकत होतं, हे आम्हाला दिसलं होतं. आम्ही त्यावर बोललोही. आमच्याकडे दिवाळीनंतर तलावाचं पाणी असंच मागे सरकतं. मोकळ्या झालेल्या ओल्या जमिनीत लोक हरभरा पेरतात, गुरं बांधतात, खळंही करतात. गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय परत येत नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. दुपार झाली, भूक लागली. कोरड्या वाळूतून सायकली ओढत सुरूच्या झाडांपर्यंत न्यायच्या म्हणजे दम निघणार. म्हणून आम्ही त्या तिथेच, टणक ओल्या वाळूवर, ओळीने आडव्या ठेवल्या. भाऊजींच्या सायकलखाली मी माझा टॉवेल अंथरला, पट्टी खराब होऊ नये म्हणून. मग सुरूच्या सावलीत तीन दगड मांडून खिचडी केली आणि जेवून झोपलो.

मॅट्रिकला भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटी का होते हा प्रश्न मला आला होता. मी चंद्र-सूर्याची आकृती काढून, बाण दाखवून, पूर्ण उत्तर लिहिलं होतं. मास्तरांच्या मुलानेही लिहिलं होतं. ते उत्तर पेपरातलं होतं. ते पाणी आणि हे पाणी एकच आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नाही.

जाग आली ती दुकानवाल्याच्या मुलाच्या हाकेने. "अबे, तलाव परतला!"

वाळू उरलीच नव्हती. जिथे सायकली होत्या तिथे लाटा फुटत होत्या. एक हँडल वर आलं, आडवं झालं, गेलं. आम्ही कपड्यांसकट धावलो. कमरेएवढ्या पाण्यात पायांनी चाचपडत एकेक सायकल शोधली. प्रत्येक लाट ती हातातून ओढून नेई. भाऊजींची सायकल सगळ्यात शेवटी सापडली, अर्धी वाळूत गाडलेली. मखमलीचं कव्हर जागेवर होतं. झालरीला शेवाळ लागलं होतं. टॉवेल गेला तो गेलाच.

सुरूच्या बनात आम्ही तिन्ही सायकली झाडांना टेकवून ठिबकत उभे होतो, तेव्हा एक काका आले. अर्धी चड्डी, बनियन, कमरेला कोयता. मागे त्यांची वाडी होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"कुठली रे पोरं तुम्ही?"

आम्ही सांगितलं.

"तरीच," ते म्हणाले. "इथलं कुत्रंसुद्धा त्या वाळूत झोपत नाही. चला विहिरीवर."

त्यांच्या वाडीत रहाटाची विहीर होती. त्यांनी बैल जुंपला, गाडग्यांतून पाणी पन्हाळीत पडू लागलं. "हे गोडं पाणी. धुवा सगळं. चेन सोडा, चाकं सोडा, छर्रे काढून पुसा, तेल पाजा. खाऱ्या पाण्याला दया नसते." मग भाऊजींच्या सायकलकडे बोट करून म्हणाले, "आणि हिची ही सोंगं आधी फाडून काढा. आत पाणी राहील."

दुकानवाल्याच्या मुलाने लगेच खिशातून पातं काढलं. मी त्याचा हात धरला.

"पट्टी नाही काढायची."

"अरे, आत खारट पाणी हाये ना बा! नळ्या सडतीन."

"बहिणीची सासू रोज पुसते. पट्टी नसली तं पहिल्या नजरेत समजते तिले."

"आन् नळी सडली तं नाही समजत?"

"वरून धुऊ. बादल्यावर बादल्या टाकू."

काका आत गेले आणि स्वतःची सायकल घेऊन आले. तिचा मडगार्ड पुठ्ठ्यासारखा सोलला होता, मधल्या नळीला बोट जाईल एवढं भोक होतं. ती त्यांनी माझ्यासमोर धरली. "हिला तर नुसतं वारं लागलंय," ते म्हणाले.

मी पाहिलं. मला पटलंही. तरी मी पट्टी काढू दिली नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे लोखंड नव्हतं, तुमसरच्या घराचं दार होतं आणि दारात उभ्या सासूबाई होत्या. आम्ही बादल्यांवर बादल्या ओतल्या. पट्टीच्या फटींतून पाणी आत जात होतं आणि बाहेर येत होतं. मी बोट लावून चाटून पाहत होतो. शेवटी मला ते खारट लागेनासं झालं. किंवा लागू नये असं मला वाटत होतं.

काकांनी शहाळी दिली. त्यांच्या घरी ताकभात जेवलो. निघताना ते म्हणाले, "पुन्हा आलात तर वाडीत या. वाळूत नको."

पुढचे तीन दिवस आम्ही दिघी ओलांडून श्रीवर्धनपर्यंत गेलो. ते दिवसही चांगलेच होते, असं दोघं म्हणतात. मी चालवताना चाकाचा आवाज ऐकत होतो. संध्याकाळी समुद्रावर उजेड पसरायचा, दोघं बघत बसायचे, मी पट्टीवरून फडकं फिरवायचो. एकदा मास्तरांचा मुलगा वैतागून म्हणाला, "अबे, समुद्र पाहाले आला का सायकल पाहाले?" मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. सूर्य पाण्यात जाताना अगदी शेवटी कसा चपटा होतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याने ओढून बसवलं नसतं तर ते माझं राहूनच गेलं असतं.

श्रीवर्धनहून यष्टीच्या टपावर सायकली टाकून परत फिरलो. घरी जायच्या आधी मी थेट तुमसरला गेलो. सासूबाई दारातच होत्या. आतल्या खोलीत सायकलची जागा रिकामी ठेवलेली होती, तिथे दुसरं काही ठेवलं नव्हतं. त्या सायकलभोवती फिरल्या. वाकल्या. पट्टीवरून तळवा फिरवला.

"बेस आणली बा," त्या म्हणाल्या. "कायीच झालं नाही."

त्यांनी हँडलला कुंकू लावलं. बहिणीने सासूच्या पाठीमागून माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी शाबासकी दिली. पेपर कोरा टाकून पास झाल्यासारखं मला वाटलं. मी चहा पिऊन निघालो, घरी गेलो, दुसऱ्या दिवसापासून बाबांबरोबर धान कापायला लागलो. खिशातले दाणे त्यांना दाखवले. त्यांनी दाताखाली एक फोडून पाहिला आणि म्हणाले, "कोंडा जास्त हाये."

उन्हाळ्यात बहीण चार दिवस माहेरी आली. ती वाळली होती. चौथ्या दिवशी मायने खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. कोणाच्या तरी लग्नाला जायचं म्हणून सासूबाईंनी सायकलला नवी पट्टी लावायला काढली. जुनी सोडली तर खाली कागदाचा लगदा, आणि त्याखाली नळ्यांना फोड आलेले, रंग पापुद्र्याने सुटत होता. सासूबाईंनी गल्लीत सगळ्यांना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, सुनेच्या बापाने जुनी सायकल रंगवून दिली. दिसू नये म्हणून वर कागद गुंडाळला. भाऊजी म्हणत होते की तसं नसेल. पण त्यांना दुसरं कारण सुचत नव्हतं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"दोन महिने झाले," बहीण म्हणाली. "रोज. भाकर टाकताना, पाणी भरताना. 'तुया बापानं आमाले फसवलं.'"

मी उंबऱ्यात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला माझा संशयसुद्धा नव्हता.

बाबा ओसरीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. उठले, आत गेले, लाकडी पेटीच्या तळातून कापडात बांधलेली सायकलची पावती घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

"वाच. तू वाचलेला हायेस."

मी वाचली. दुकानाचं नाव, फ्रेमचा नंबर, जेन्ट्स सायकल, नग एक.

"नवी लिवलं हाये?"

"नाही."

"पुन्हा पाह्य. कुठं तरी लिवलं असन नवी म्हणून."

मी पुन्हा पाहिलं. मागची बाजूही पाहिली. बाबा माझ्या खांद्यावरून त्या अक्षरांकडे पाहत होते, जणू मी शोधतोय तो शब्द त्यांनाही दिसेल. "नाही लिहिलं," मी म्हणालो.

"तरी मी नेतो," ते म्हणाले. "उद्या जाऊन दाखवतो तिले."

"मी जातो बाबा. मले समजावून सांगता येते."

एवढंच मी म्हणालो. बाबांनी विश्वासाने पावती पुन्हा कापडात बांधून मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बहीण तुमसरला पोचलो. सासूबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सायकल भिंतीला उघडी उभी होती. मी पावती काढलीच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाळू, झोप, पाणी, विहीर. पट्टी मीच काढू दिली नाही हेही. मी बोलत असताना त्यांचं सूप हळूहळू थांबलं. बहीण तुळशीपाशी उभी होती. तिच्या तोंडाकडे पाहायची मला हिंमत झाली नाही.

"समुद्रात बुडाली हे?" सासूबाई म्हणाल्या.

"हो मावशी."

"थे पाणी खारट रायते म्हणतेत, थे खरं हाये का?"

"हो. मिठासारखं."

त्या उठल्या. नळीवरचा गंजाचा पापुद्रा नखाने काढला आणि जिभेवर ठेवला. थोडा वेळ तोंड हलवत राहिल्या.

"नाही लागत खारट."

"सहा महिने झाले मावशी."

"हं." त्यांनी तोंड पुसलं. "पट्टीखाली ओल होती हे तुले माहीत होतं?"

"होतं."

"आन् मी तळवा फिरवला तवा तू चाय पेत बसला."



"मी तुया बापाले काय काय नाही बोलली. साऱ्या गल्लीत बोलली." त्या दाराकडे गेल्या आणि मोठ्याने हाक मारली. शेजारच्या दोन बाया आल्या, मग समोरची, मग कोपऱ्यावरची म्हातारी. सासूबाईंनी माझ्या दंडाला धरून मला सायकलपुढे उभं केलं. "सांग. याच तोंडानं सांग. मी माया तोंडानं बोलली, तं तू तुया तोंडानं सांग."

मी सांगितलं. आणखी दोघी आल्या, त्यांना पुन्हा. तिसऱ्या वेळी मी अडखळलो तेव्हा सासूबाईंनीच पुढचं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सांगण्यात लाट चिंचेच्या झाडाएवढी झाली.

"एवढी नव्हती मावशी. कमरेएवढी—"

"तू चूप राह्य. तुले सांगता येते का कुठं?" आणि त्या बायांकडे वळल्या. "यायच्या बापानं सायकल नवीकोरी देली होती. हे यानं खराब केली. शिकलेला हाये ना, म्हणून."

बाया हसल्या. बहीणही हसली, पदर तोंडाला लावून. मग ती वळून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही, तेव्हा ती रडत असावी हे मला समजलं. दुपारी भाऊजी मिलमधून जेवायला आले. त्यांनी ऐकून घेतलं, सायकलकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तवाच सांगतलं असतं, तं मी तवाच पट्टी काढली असती." त्यांचा आवाज चढला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

संध्याकाळच्या यष्टीने मी घरी आलो. बाबा ओसरीत दोर वळत बसले होते. एक टोक त्यांनी पायाच्या अंगठ्यात धरलं होतं.

"दाखवली पावती?"

"पावतीचं काम नाही पडलं," मी म्हणालो. "सायकल मीच खराब केली होती बाबा. समुद्रात. आज सांगून आलो."

दोर त्यांच्या हातात फिरत राहिला. त्यांनी मला रागावलं नाही. बहीण कशी आहे विचारलं. सासू काय म्हणाली विचारलं. मी सांगितलं, ती सगळ्या गल्लीला सांगते आहे की तुम्ही नवी सायकल दिली होती. ते ऐकून त्यांनी मान हलवली, आणि कालपासून ताठलेली त्यांची पाठ जरा सैल झालेली मला दिसली. मग हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले, "तं मंग काल मले पावती काहून वाचून दाखवली? दोनदा?"

मी कापडात बांधलेली पावती काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडून पाहिली नाही. मग दोराचं दुसरं टोक माझ्याकडे टाकलं आणि म्हणाले, "धर."

मी समोर बसलो आणि ते टोक धरलं. अंधार पडेपर्यंत ते पीळ देत होते आणि मी धरून बसलो होतो.